निवण्याची विद्या

पिल्लू फार उधळते, त्याला शांत करून द्या, अशी कैफियत घेऊन जी माणसे माझ्याकडे येतात, त्यांची पिल्ले निरनिराळ्या जातींची आणि घरे निरनिराळ्या ऐपतीची असली, तरी कैफियतीच्या अखेरीस ठरलेल्या शिरस्त्याप्रमाणे एक वाक्य हमखास येते: "अंगात रग फार आहे हो याच्या; ती जिरवायची कशी तेवढे सांगा." रग आहे म्हणून ती जिरवली पाहिजे, जिरवायची तर पिल्लाला पळवले पाहिजे, आणि पळून पळून ते थकले म्हणजे आपोआप शांत होईल, ही विचारसरणी वरवर पाहता इतकी बिनतोड दिसते की, तिच्याविषयी शंका काढणाऱ्यालाच या धंद्यातले काही कळत नसावे असा ग्रह व्हावा. तरीही, इतकी वर्षे पिल्लांच्या संगतीत काढल्यावर, माझे मत असे बनले आहे की, उधळलेल्या पिल्लांपैकी बहुतेक पिल्ले शक्तीने ओसंडत नसतात. ती थकलेली असतात, आणि थकूनही निवावे कसे हे त्यांना ठाऊक नसते. धावणे, उड्या मारणे, चावणे, भुंकणे या विद्या त्यांना उपजतच अवगत असतात. निवण्याची विद्या मात्र शिकावी लागते. आणि ती शिकवताना पिल्लाला नवे असे फारसे काही द्यायचे नसते, त्याच्या भोवतीचे पुष्कळसे काढून घ्यायचे असते.

दोन-तीन महिन्यांचे निरोगी पिल्लू दिवसाच्या 24 तासांपैकी 18 ते 20 तास झोपते, ही गोष्ट ऐकून घरोघरीची माणसे चकित होतात, कारण त्यांच्या घरातले पिल्लू त्याच्या निम्म्यानेही झोपत नसते. आईजवळ असताना झोपेचा हा हिशेब कोणाला ठेवावा लागत नाही. भावंडे एकमेकांच्या अंगावर पडून खेळतात आणि खेळता खेळता तिथेच झोपी जातात. तेच पिल्लू माणसाच्या घरी आले की, सकाळी दूधवाला, दुपारी शाळेतून परतलेली मुले, संध्याकाळी "बघू तरी कसे आहे ते" म्हणत डोकावणारे शेजारी, आणि मधल्या वेळात कोपऱ्यात डोळा लागलेला दिसला की छायाचित्रासाठी त्याला उचलून घेणारी हौशी मंडळी, असा दरबार अखंड भरलेला असतो. झोपेची थकबाकी दिवसभर साचत जाते आणि तिन्हीसांजेला तिची एकदम वसुली सुरू होते. शेपूट आत घेऊन, कंबर खाली दाबून, घरभर गोल गोल फेऱ्या मारण्याचा प्रकार सर्वच पिल्ले करतात. सकाळ-संध्याकाळ हा श्वानजातीचा स्वाभाविक चळवळीचा समय आहे, आणि असा झटका चार-दोन मिनिटांत ओसरून पिल्लू आपण होऊन पाणी प्यायला गेले, तर त्यात काळजी करण्यासारखे काही नाही. फेऱ्या थांबत नाहीत, डोळे तांबारतात, हाक कानात शिरेनाशी होते आणि दात दर वेळी अधिक जोराने लागू लागतात, तेव्हा मात्र समजावे की, ते पिल्लू झोपेला आलेले आहे.

सांगलीच्या एका निवृत्त गुरुजींच्या घरी मी अशाच संध्याकाळी गेलो होतो. त्यांच्याकडे मुधोळच्या बाजूने आणलेली एक पिल्ली होती, बिजली नावाची. पूर्वीच्या मुधोळ संस्थानचे नाव ज्या जातीला कायमचे चिकटले आहे, खेडोपाडी जिला कारवानी म्हणतात आणि जिचे चित्र 2005 साली भारतीय टपाल तिकिटावरही उमटले, ती ही लांबोळक्या तोंडाची, सडपातळ बांध्याची जात दख्खनच्या माळावर सशामागे धावण्यासाठी जोपासली गेली. हिचे कुत्रे नाकापेक्षा डोळ्यांनी शिकार करते. म्हणजे जे हलते ते त्याला ओढून नेते, मग तो ससा असो, सायकलचे चाक असो की नातवाच्या पायजम्याची नाडी असो. गुरुजींनी उपाय म्हणून तिला रोज दोन्ही वेळा कृष्णेच्या काठी पळवण्याचा परिपाठ ठेवला होता. परिणाम इतकाच झाला होता की, पूर्वी जी अर्ध्या तासात दमत असे ती आता तासाभरातही दमेना. व्यायामाने शरीर कमावले जाते हा नियम पैलवानाप्रमाणेच पिल्लालाही लागू आहे, आणि वाढत्या वयातल्या सांध्यांना सक्तीची दौड सोसत नाही हे तर वेगळेच.

मी सर्वांना खाली बसायला सांगितले, दिवाणखान्यातला दूरदर्शन संच बंद करवला आणि स्वतः भिंतीला टेकून, बिजलीकडे तिरकी पाठ करून, हात मांडीत घेऊन बसलो. ती आली, माझ्या बाहीला दात लावले, ओढून पाहिले, पंजाने खांदा खरवडला, एकदा कानाशी भुंकली, आणि समोरचे हे शरीर हलतही नाही व बोलतही नाही असे पाहून दुसऱ्याकडे वळली. तिथेही तोच अनुभव आल्यावर ती खोलीच्या मधोमध उभी राहिली आणि तिने एक लांबलचक जांभई दिली. त्यानंतर जे घडते ते न्याहाळण्यासाठीच माझा हा व्यवसाय आहे, असे मला कधी कधी वाटते. पिल्लू प्रथम बसते, मग पुढचे पाय लांब करून पोट जमिनीला टेकवते. पण अननुभवी माणूस जिला विश्रांती समजतो ती ही अवस्था खरी विश्रांती नव्हे, कारण मागचे दोन्ही पाय अजून पोटाखाली नीट दुमडलेले असतात आणि निमिष न लागता उडी घेण्याची त्यांची तयारी असते. थोड्या वेळाने कंबर एका बाजूला कलंडते, मागचे पाय एकाच अंगाला निघतात, कानांची मुळे सैल पडतात, ओठांच्या कोपऱ्यातला ताण जातो, आणि नाकातून एक दीर्घ निःश्वास बाहेर पडतो. कंबर कलंडली, की मग भाकरीचा बारीकसा तुकडा तिच्या पंजांच्या मधोमध, जमिनीलगत हात सरकवून, हळूच ठेवावा. "शाबास" म्हणू नये, डोक्यावर थोपटू नये, डोळ्याला डोळाही देऊ नये. कारण कौतुकाचा एवढासा उंच स्वर कानी पडला तरी ते पिल्लू पुन्हा चार पायांवर उभे राहते आणि सगळा मामला पहिल्यापासून सुरू करावा लागतो. हाच प्रयोग रोज एकाच गोणपाटाच्या तुकड्यावर केला, की काही काळाने तो गोणपाट अंथरताच पिल्लू त्यावर जाऊन कलंडू लागते, आणि मग तो उचलून पाहुण्यांच्या घरी नेला तरी त्याचा अंमल तिथेही चालतो.

उधळलेल्या पिल्लाविरुद्धच्या तक्रारींत पहिली तक्रार उड्यांची असते. पाहुणा दारात आला की पिल्लू त्याच्या छातीपर्यंत झेप घेते, आणि घरातले लोक त्याला दांडगाई म्हणतात. वस्तुतः रानातल्या लांडग्यांची पिल्ले शिकारीहून परतलेल्या आईबापांच्या तोंडाशी तोंड नेऊन, त्यांच्या ओठांचे कोपरे चाटून, पोटातले अन्न ओकून देण्याचा तगादा लावतात. पाळीव कुत्र्यात ती गरज मागे पडली तरी स्वागताचा दस्तूर तोच राहिला. माणसाचे तोंड उंचावर असते, म्हणून उडी. तिला प्रतिकार म्हणून आपण दोन्ही हातांनी पिल्लाला ढकलतो, "नको, नको, खाली, खाली" असा गजर करतो, आणि त्याच्या बाजूने पाहिले तर स्पर्श, आवाज व दृष्टी अशी तिन्ही बक्षिसे एकदम देऊन टाकतो. 1898 साली थॉर्नडाइक या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने मांजरांना पेट्यांत कोंडून केलेल्या प्रयोगांवरून जो सिद्धांत पुढे मांडला, की ज्या कृतीच्या पाठोपाठ समाधान मिळते ती कृती दृढ होते, त्याची प्रचिती आपल्या उंबरठ्यावर रोज येत असते. म्हणून पाहुण्याने पाठ फिरवावी, हात छातीशी घ्यावेत, आणि चारही पाय जमिनीला टेकल्यावरच खाली वाकून पिल्लाची विचारपूस करावी.

हा उपाय सुरू केल्यानंतर दोन-चार दिवसांत बहुतेक घरांतून निरोप येतो की, उड्या कमी होण्याऐवजी वाढल्या आहेत. विझता दिवा आधी मोठा होतो, तसेच हे आहे. जी कृती आजवर फळ देत आली ती एकाएकी फळेनाशी झाली, की प्राणी ती सोडण्यापूर्वी अधिक नेटाने करून पाहतो. आणि नेमक्या त्याच क्षणी घरातल्या एकाने जरी कंटाळून दाद दिली, तरी पिल्लू एवढाच बोध घेते की, पूर्वी साध्या उडीला जे मिळत होते त्यासाठी आता दुप्पट उडी लागते. म्हणून मी पहिल्याच दिवशी घरातल्या आजोबांपासून मोलकरणीपर्यंत सर्वांची हजेरी घेतो. एकाच्या राज्यात मना केलेली गोष्ट दुसऱ्याच्या राज्यात माफ असली, तर पिल्लाचा त्यात काय अपराध?

दुसरी तक्रार दातांची. पिल्लाला दुधाचे दात 28 असतात. ते चौथ्या महिन्याच्या सुमारास पडू लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत त्यांच्या जागी 42 पक्के दात येतात, म्हणजे हा सारा काळ हिरड्या शिवशिवण्याचा. शिवाय दात किती जोराने लावावा याचे शिक्षण भावंडांकडून मिळायचे असते: एकाने जोरात चावले, दुसरे केकाटले, खेळ थांबला, फैसला झाला. आठ आठवडे पुरे होण्यापूर्वीच आईपासून तोडून विकलेल्या पिल्लाची ही शाळा अर्धवट सुटते आणि तिचे उरलेले वर्ग आपल्या बोटांवर भरतात. अशा वेळी हात झटकन मागे ओढला तर तो पळता ससा होतो. म्हणून हात तिथेच ढिला सोडावा, दुसऱ्या हाताने ओल्या फडक्याची गाठ किंवा चघळायचा सुंभ पुढे करावा, आणि तरीही दात सुटले नाहीत तर उठून मुकाट्याने खोलीबाहेर जावे. चघळणे, चाटणे आणि हुंगणे या तीन क्रिया पिल्लाला आतून निववतात. ताटलीला पातळ थापलेले दही चाटायला दिले, किंवा जेवणाचा अर्धा हिस्सा अंगणातल्या गवतात विखरून तो शोधू दिला, तर त्या पाव तासात पिल्लाच्या अंगावरची जी तारांबळ उतरते ती कृष्णाकाठच्या दौडीनेही उतरत नाही.

गळ्यातला पट्टा खुंटीवरून काढल्याचा आवाज झाला की, बिजली घर डोक्यावर घेत असे. रशियन शास्त्रज्ञ पावलोव्ह यांना 1904 साली नोबेल पारितोषिक मिळाले ते पचनक्रियेवरील संशोधनाबद्दल. पण कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताकरता त्यांच्या ध्यानात जे आले, की अन्नापूर्वीचा संकेतच पुढे अन्नाचे काम करू लागतो, त्यावरच आमचा निम्मा धंदा चालतो. गुरुजींना मी सांगितले की, दिवसातून अनेकदा पट्टा खुंटीवरून काढा, हातात घ्या, आणि खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचा; मग पट्टा परत खुंटीला लावा. पट्ट्याचा अर्थच पुसट होत गेला, की पिल्लू त्याच्या आवाजाने कान टवकारते खरे, परंतु उठण्याची तसदी घेत नाही. दाराच्या घंटेवरही हीच मात्रा लागू पडते.

अतिउत्साहाच्या पोटात पुष्कळदा भीतीही असते, आणि ती ओळखणे अवघड असते, कारण शेपूट दोन्ही वेळी हलते. स्कॉट आणि फुलर या संशोधकांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे वर्षानुवर्षे पिल्ले वाढवून 1965 साली जो ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यातून हे प्रस्थापित झाले की, साधारणतः तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचे मन जगाला बिनतक्रार स्वीकारते, आणि त्या मुदतीत जे पाहिले नाही त्याचा पुढे धसका घेते. आपल्याकडे लसीकरण पुरे होईपर्यंत पिल्लाला जमिनीवर फिरवू नये हा डॉक्टरांचा सल्ला योग्यच आहे, पण तेवढ्यासाठी त्याला चार भिंतींत कोंडण्याचे कारण नाही. मांडीवर घेऊन ओट्यावर बसावे आणि रिक्षा, बँड, हातगाडी, छत्री, पगडी, बुरखा, जे जे रस्त्यावरून जाईल ते ते लांबून त्याला पाहू द्यावे. एवढे करूनही पिल्लू रात्रंदिवस अस्वस्थच राहत असेल, अंग घासत असेल किंवा पोट फुगलेले असेल, तर मला न बोलावता पशुवैद्याला बोलावावे. जंतांवर आणि पिसवांवर माझ्या स्वस्थ बसण्याचा काहीएक उपयोग होत नाही.

गुरुजींचे घर काही दिवसांत ताळ्यावर आले. दुपारी बिजली ज्या खोलीत झोपते तिला कडी लागू लागली, मुलांनी तिला उठवायचे नाही असे फर्मान निघाले, आणि नदीवरची दौड जाऊन तिच्या जागी झुडपे हुंगत रमतगमत जाणारी छोटी फेरी आली. हिशेब चुकता करताना गुरुजींनी, मास्तरकीच्या जुन्या सवयीने, मला सरळ विचारले, "राग मानू नका, पण आपण तर येऊन नुसते बसत होतात, मग हा मोबदला आम्ही नेमका कशाचा द्यायचा?" प्रश्न रास्त होता, आणि तो मला अनेकांनी मनातल्या मनात विचारलेला आहे. घरातली सहा माणसे पिल्लाला शांत करण्यासाठी एकाच वेळी हाका मारीत, ढकलीत, उचलीत आणि दटावीत असतात; त्या सहाही जणांना त्यांपैकी काहीएक करू न देणे, हे काम पिल्लाला बसायला शिकवण्यापेक्षा कितीतरी कठीण आहे, आणि मी दाम घेतो तो त्याचा. गुरुजी हसले, त्यांनी पैसे मोजून हातावर ठेवले, आणि चाळीस वर्षे वर्गावर उभे राहूनही आपल्याला हे कधी सुचले नाही, असे म्हणाले.