बोट कुठं ठेवायचं?

मागच्या गणपतीत आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मागून हाक आली, "साहेब, ओळखलंत का?" चेहरा ओळखीचा होता, नाव काही आठवेना. मग तोच म्हणाला, "आमच्याकडे हजेरीचं मशीन बसवलंत ना, तेव्हाचा मी. फिटर, चिपळूणचा."

आठवलं! २०१० साली इथल्या एका कंत्राटदार कंपनीसाठी मी बोटाच्या ठशावर हजेरी घेणारी सिस्टीम बसवली होती. त्याआधी टाइमकीपर वहीत तास मांडायचा. आता येण्याजाण्याची वेळ मशीन नोंदवणार, आणि फोरमननं पडद्यावर मंजूर केला की ओव्हरटाइम पगारात धरला जाणार. खाडाखोड नाही, वशिला नाही. कंपनी खूश, मी खूश. (सौ.च्या बांगड्या त्याच वर्षी झाल्या, हेही सांगून टाकतो.)

सहा महिन्यांनी हाच फिटर मला साइटवर म्हणाला होता, "साहेब, वहीत निदान बोट ठेवून भांडता यायचं. मंगळवारी दहा तास होतो, आठ का लिहिलेत? आता विचारलं की म्हणतात, सिस्टीममध्ये नाही. बोट कुठं ठेवायचं?" मी हसून वेळ मारून नेली.

खरं तर मला तरी हसू यायला नको होतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात, अर्व्हाइनला मी एम.एस. केलं. संगणक आणि संस्था यांचा अभ्यास करणारं एक संशोधन केंद्र तिथं होतं. त्याच परंपरेतल्या डॅन्झिगर, डटन, क्लिंग आणि क्रेमर या चौघांनी अमेरिकेतल्या ४२ शहरांचा कारभार तपासून १९८२ मध्ये 'कॉम्प्युटर्स अँड पॉलिटिक्स' हे पुस्तक लिहिलं. संगणक आला की सत्ता तंत्रज्ञांकडे जाईल, असं कुणी म्हणे. कारभार लोकांना खुला होईल, असं कुणी. या मंडळींना दिसलं ते वेगळंच. ज्याचा शब्द आधीपासून चालत होता, त्याचाच हात संगणकानं बळकट केला. मी त्यावर निबंध लिहिला, बऱ्यापैकी ग्रेड मिळवली आणि विसरलो.

वारणेचं उदाहरण तर घरचंच. माझे मामा कोडोलीचे, ऊसवाले. १९९८ मध्ये राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र आणि वारणेच्या सहकारी संस्थांनी कोल्हापूर-सांगलीतल्या सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना आणली. शेती, बाजारभाव, शिक्षण, सगळंच गावात मिळणार होतं. पुढं बंगलोरच्या मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या अभ्यासकांनी पाहिलं, तर ते संगणक मुख्यतः कारखान्याच्या उसाच्या कामापुरतेच वापरात होते. २००७ च्या सुमारास त्यांनी काही गावांत तेच काम मोबाइलच्या एसएमएसवर चालवून दाखवलं, तेही स्वस्तात. मामांना त्याचं वाईट वाटलं नव्हतं. "अरे, वजनाचा आकडा गावातच कळतोय, हे काय थोडं झालं?" पण ते वजनाच्या पावत्या शेवटपर्यंत दुधाच्या पिशवीत जपून ठेवत.

त्या पावत्यांवरूनच मला सुचलं. दर आठवड्याला प्रत्येक कामगाराला रोजच्या तासांची छापील चिठ्ठी द्यावी, असं मी कंपनीला सांगितलं. प्रोग्रॅममधला बदल दोन दुपारींचा होता. परवानगीला अकरा महिने लागले. तीही महिन्याला एकदाच चिठ्ठी देण्याची. फोरमनचं बटण मात्र जसंच्या तसं राहिलं. ते काढा म्हणायची माझी हिंमत झाली नाही, कारण पुढचं कंत्राटही तिथूनच यायचं होतं.

२०२१ पासून बहरीनमध्ये खाजगी कंपन्यांचे पगार बँकेतून देण्याचा नियम टप्प्याटप्प्यानं लागू झाला. पगार वेळेवर मिळाला का, हे त्यातून सरकारला दिसतं, आणि ही मोठीच गोष्ट आहे. पण मंगळवारचे दोन तास मुळात मांडलेच गेले नसतील, तर बँक तरी काय करणार?

"चिठ्ठी मिळते का अजून?" रांगेत मी विचारलं.

"मिळते की! पण महिना संपल्यावर. तोवर मंगळवारी काय झालं, ते फोरमनलाही आठवत नाही आणि मलाही." एवढं बोलून त्यानं द्रोण पुढं केला, आणि वाढणाऱ्या वहिनींना म्हणाला, "साहेबांना एक मोदक जास्त द्या."