तिसरा पाद

चिकित्सेला चार पाय असतात, असे चरकाने सांगून ठेविले आहे: वैद्य, औषध, परिचारक आणि स्वतः रोगी. यांतील परिचारकाच्या अंगी कोणते गुण हवेत तेही त्याने नेमके सांगितले. उपचाराचे ज्ञान, दक्षता, रोग्याविषयी अनुराग आणि शुचिता. परंतु चरकाचे नाव आदराने घेणाऱ्या आपल्या समाजात मुलगी डॉक्टर होणार म्हटली की पेढे वाटले जातात आणि नर्स होणार म्हटली की वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. तिसऱ्या पायावर भार टाकायचा, पण त्याला मान द्यायचा नाही, असा हा व्यवहार आहे.

हैदराबादेत आमच्या देवस्थानातर्फे गरजू विद्यार्थ्यांना शिक्षणासाठी साहाय्य दिले जाते. अर्जांच्या छाननीत, वकिलीमुळे असेल, आमचीही वर्णी लागते. यंदा एका मुलीचा अर्ज आला. बी. एस्सी. नर्सिंगचा चार वर्षांचा अभ्यासक्रम तिला करायचा होता आणि हेतूच्या रकान्यात 'मानवसेवेची आवड' एवढेच लिहिलेले होते. आमच्या धंद्यात याला विधान म्हणतात, पुरावा नव्हे. म्हणून तिला बोलावून घेतले व विचारले, "बाळ, ही आवड कशावरून?"

ती क्षणभर थांबली, मग बोलू लागली. "आजीचे कमरेचे हाड मोडले, तेव्हा मी महिनाभर रुग्णालयात तिच्या उशाशी होते. डॉक्टर सकाळी पाहून जात. बाकीचा दिवस आणि सगळी रात्र सिस्टरांची. दर दोन तासांनी त्या आजीला कुशीवर वळवीत, म्हणून तिच्या पाठीला जखमा झाल्या नाहीत. एका रात्री आजी असंबद्ध बोलू लागली. आम्हाला वाटले, वय झाले. सिस्टरने नाडी पाहिली, श्वास मोजले आणि लगेच डॉक्टरांना बोलावले. रक्तात जंतूंचा संसर्ग पसरत होता. मी तिथेच बसले होते, पण मला दिसले नाही, त्यांना दिसले. मला ते दिसायला हवे आहे."

पुढे काय करणार, असे विचारताच तिने सांगितले की आधी अतिदक्षता विभागात काम करायचे, मग एम. एस्सी. करून शिकवायचे. "आणि पगारही हवा आहे. धाकटा भाऊ शिकतो आहे," हेही तिने लपविले नाही.

मंडळातील एक वृद्ध गृहस्थ म्हणाले, "रात्रपाळी, परक्यांचे मलमूत्र! आणि लग्नाचे काय?"

"अण्णा," ती शांतपणे म्हणाली, "माझी आजी सोवळ्यातली. तिचे सगळे केरळच्या एका सिस्टरने केले. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. आजी तिला रोज 'देव बरें करूं' म्हणे. आजीने जिला आशीर्वाद दिला, तिचे काम मी का करू नये?"

हा आक्षेप नवा नाही. 1909 साली पुण्यात सेवासदन उभारणाऱ्या रमाबाई रानडे यांनी ससून रुग्णालयात हिंदू स्त्रियांच्या परिचारिका-शिक्षणाची सोय करविली, तेव्हाही विटाळाची आणि लौकिकाची भीती हीच होती. त्या भीतीला न जुमानता कित्येक विधवा स्वतःच्या पायांवर उभ्या राहिल्या.

आम्हाला मात्र त्या वेळी दुसरेच एक प्रकरण आठवत होते. उत्तर कानड्यातील हळदीपूरची अरुणा शानभाग मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात परिचारिका होती. 27 नोव्हेंबर 1973 रोजी तिथल्याच एका कामगाराने तिच्यावर अत्याचार केला आणि ती कायमची अंथरुणाला खिळली. 18 मे 2015 रोजी तिचा मृत्यू होईपर्यंत तिच्या रुग्णालयातील परिचारिकांनी तिची शुश्रूषा केली. तिच्या दयामरणाचा अर्ज सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा तिचा 'वादमित्र' कोण, हा प्रश्न निघाला. 7 मार्च 2011 च्या निकालात न्यायालयाने तो मान रुग्णालयातील सेवकवर्गास दिला. इतक्या वर्षांत तिच्या अंगावर एकही शय्याव्रण झाले नव्हते, याचीही नोंद निकालात आहे. रक्ताच्या नात्याहून सेवेचे नाते न्यायासनापुढे वरचढ ठरल्याची अशी उदाहरणे विरळाच.

याच प्रकरणाची दुसरी बाजूही अण्णांच्या काळजीला उत्तर देते. रात्रपाळीचे भय खोटे नाही. पण त्यावर उपाय मुलींना घरी बसविणे हा नव्हे. सुरक्षित खोली, उजेडाची वाट, पुरेसे मनुष्यबळ आणि रास्त वेतन हे मागण्याचे काम आमच्यासारख्या कायदा शिकलेल्यांचे आहे.

साहाय्य मंजूर झाले. अण्णांनी सही करताना मुलीला एवढेच विचारले, "वसतिगृहापासून रुग्णालय किती लांब?" तो प्रश्न आम्हाला आवडला. देवळात आपण रोज आरोग्य मागतो. ते मागणे ज्यांच्या हातून पुरे होते, त्या हातांची चौकशी करणे हाही पूजेचाच भाग मानावयास हरकत नाही.