बारशाआधीचं पत्र

दारासुरम्, कुंभकोणम्

चि. सुहास आणि चि. सौ. मेघना यांस,

नावांची यादी मिळाली. ज्ञानदा, मृणाल आणि वेणू यांच्यावर काट मारून रिया, माया आणि मीरा एवढ्याच ठेवल्यात, कारण काय तर तिथल्या परदेशी शाळेतल्या बाईंना उच्चारता आलं पाहिजे. नाव ठेवण्याचा मान आत्याचा असतो. म्हणून आत्याचं हे लांबलचक उत्तर, तेही अशा गावातून, जिथे खुद्द गावाचंच नाव लोकांनी बोलून बोलून झिजवलं.

बाराव्या शतकात दुसऱ्या राजराज चोळाने इथे शंकराचं देऊळ बांधलं. ते राजराजेश्वरम् आणि गाव राजराजपुरम्. बोलण्यात त्याचं रारासुरम् झालं, पुढे दारासुरम्. देवाला आता ऐरावतेश्वर म्हणतात. दुर्वासाच्या शापाने काळवंडलेल्या ऐरावताला इथे पुन्हा पांढरा रंग मिळाला, अशी कथा आहे. २००४ साली देऊळ जागतिक वारशात गेलं, पण सम्राटाच्या नावाचं हे असं झालं, याचं गावात कुणाला वाईट वाटताना दिसत नाही.

देवळावर त्रेसष्ट नायनार संतांच्या गोष्टी छोट्या छोट्या शिल्पपट्टांत कोरल्या आहेत आणि त्यांवर तमिळमध्ये नावंही आहेत. कण्णप्प, कारैक्काल अम्मैयार इथवर मराठी जीभ तरून जाते. इडंगळि नायनारापाशी अडखळते. त्यातला शेवटचा वर्ण जीभ मागे वळवून, पण टाळूला न टेकवता म्हणायचा असतो. रोमन लिपीत तो ‘झेड-एच’ असा लिहितात आणि खरा घोटाळा तिथे होतो. जुन्या मराठी माणसाने हा वर्ण कानाने ऐकला आणि आपल्याकडचा ‘ळ’ देऊन मोकळा झाला: चोळ, तमिळ. हिंदीत मात्र चोल आणि तमिल. त्याच मराठीतली वर्तमानपत्रं आज खासदार कनिमोळींना सर्रास ‘कनिमोझी’ करतात आणि कोळिकोडचं ‘कोझिकोड’. ळ घरातच असताना ही पाळी आली, कारण ही नावं कानावाटे आली नाहीत, स्पेलिंगमधून आली. उलट दिशेनेही तेच. तमिळ माणूस रोमन लिपीत ‘टी’ हे अक्षर ‘ट’साठी राखतो आणि ‘त’साठी ‘टी-एच’ लिहितो. मग इथली लता पुण्याच्या कचेरीत ‘लथा’ होते.

आता आपल्या माणसांचं बघा. मालोजीराजांनी नगरच्या शाह शरीफ या पीराच्या नावावरून मुलांची नावं शहाजी आणि शरीफजी ठेवली, असं परंपरा सांगते. शरीफजी १६२४ साली भातवडीच्या लढाईत पडले. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरचे राजे झाले आणि त्यांच्या मुलांत पुन्हा एक शहाजी, एक शरफोजी आले. तमिळमध्ये ‘फ’ नाही. त्याच्या जागी येणारा ‘प’ दोन स्वरांच्या मध्ये सापडला की ‘ब’सारखा ऐकू येतो. म्हणून शरफोजीचे झाले सरबोजी. इथवर नेहमीचीच मोडतोड. पण या मुलखात शरभ हा शिवाचा अवतार पुजला जातो, माणूस, पशू आणि पक्षी एकाच देहात, नरसिंहाला आवरणारा. दारासुरमच्या देवळात त्याची मूर्ती आहे आणि जवळच्या त्रिभुवनम् इथे तर त्याचं वेगळं स्थान आहे. संस्कृत लिहिणाऱ्यांनी सरबोजीचं सरळ शरभोजी केलं, मग शरभेन्द्र. सरस्वती महाल ग्रंथालय वाढवणाऱ्या दुसऱ्या शरफोजींवर (१७७७–१८३२) शिवकोळुंदु देशिकर यांनी लिहिलेल्या नृत्यनाट्याचं नाव ‘शरभेन्द्र भूपाल कुरवंजी’. ते तंजावरच्या बृहदीश्वराच्या देवळात होत असे. पीराचं नाव शिवाचं झालं. असा चुकीचा उच्चार कुणालाही लाभावा!

राजाच्या नावाला कवी मिळतात, दिवाणाच्या वाट्याला कारकून येतो, हेही खरं. टी. माधवराव १८२८ साली कुंभकोणमलाच एका तंजावरी मराठी घरात जन्मले. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदा अशा तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेला माणूस. ‘टी’ म्हणजे तंजावर. त्या काळच्या इंग्रजी छपाईत त्यांचं नाव वाचलं तर ‘मादव रो’ होतं. ‘राव’साठी जो शब्द वापरला, तो एका उच्चाराने रांग आणि दुसऱ्या उच्चाराने भांडण. सर ही पदवी मिळाली, पण ‘ध’ मिळाला नाही.

गणिती रामानुजन तर याच कुंभकोणमच्या सारंगपाणि सन्निधी गल्लीत वाढले. त्यांचं स्वतःचं नाव एवढं एकच. श्रीनिवास हे वडिलांचं. इंग्लंडने रामानुजन हे आडनाव धरलं आणि आजही कित्येक जण त्यांना पाळण्यातलं नाव म्हणून श्रीनिवास म्हणतात. पण १९१८ साली रॉयल सोसायटीचे सभासद झाले ते रामानुजन म्हणूनच, आणि तिथले गणिती हार्डी यांचं त्या पाच अक्षरांपाशी काही अडलं नाही.

ज्ञानदावर काट मारलीत त्याचं मात्र आत्याला नवल वाटतं. या ‘ज्ञ’चं आपण ‘द्न्य’ करतो, हिंदीवाले ‘ग्य’ करतात आणि इथल्या शिल्पपट्टांतले ज्ञानसंबंधर तमिळ तोंडी ‘ञान’संबंधर असतात. भारतातच ज्याचे तीन उच्चार आहेत, त्यात तिथल्या बाईंनी चौथ्याची भर घातली तर काय बिघडलं? त्यांना नाव आधी म्हणून दाखवा, लिहून नंतर द्या. आणि रिया, माया सोप्या म्हणून घ्यायच्या असतील तर वर्गात आणखी दोन रिया निघतील, याची तयारी ठेवा.

बारशाची तारीख पक्की झाली की लगेच कळवा, तिकिटं महागायच्या आत. इथल्या मागावरचं मोरपंखी रेशीम कुंचीपुरतं घेतलं आहे. मेघनाला रंग पसंत नसेल तर याच आठवड्यात सांगावं, शिंप्याकडे टाकायचं आहे.

तुमची,
ताई