पाचवीच्या आधीचं नाव

पाचवीला पुजलेलं, असं आपण चांगल्याबद्दल कधी म्हणत नाही. कर्ज पाचवीला पुजलेलं असतं, वणवण पुजलेली असते. सुख पुजलंय असं मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही. आजोबा पोस्टात होते; कराड, पंढरपूर, बार्शी अशा बदल्या व्हायच्या आणि दर वेळी आजी म्हणायची, "बिऱ्हाड उचलणं आमच्या पाचवीलाच पुजलंय." सांगलीहून आइंडहोवनला परतल्यापासून हे वाक्य माझ्या मागे लागलं आहे. अळीव, डिंक, बाळंतशोपा बरण्यांत भरताना तेच. क्राम्झोर्गच्या, म्हणजे बाळ-बाळंतिणीची काळजी घेणाऱ्या इथल्या सेवेच्या, बाई बाळंतपणानंतर आठवडाभर घरी येतील, त्यांना वाकावं लागू नये म्हणून पलंग ठोकळ्यांवर चढवून 80 सेंटिमीटर उंच करायचा आहे. त्याचं माप घेतानाही तेच.

पाचव्या रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळावर लिहून जाते. तिच्यासाठी पाटा-वरवंटा पुजायचा, कोरा कागद आणि लेखणी ठेवायची, दिवा विझू द्यायचा नाही, बायकांनी जागायचं. धाकट्या भावाच्या पाचवीनंतर सकाळी उठून मी तो कागद उजेडात धरून पाहिला होता. काही उमटलं नव्हतं. "कपाळावर लिहिल्यावर कागदावर कशाला लिहील?" असं आई म्हणाली आणि मला ते पटलं. आता वाटतं, मग कागद ठेवायचा तरी कशाला? आधी कच्चं लिहून बघायला असेल. किंवा काय लिहावं हे आपल्या हातात नाही, निदान लिहिणारीला सामान कमी पडू नये, एवढ्यासाठी असेल. मला हे दुसरं कारण जवळचं वाटतं, पण ते खरं आहे असं म्हणवत नाही.

जागण्यामागे भीतीही होती. नाळ कापण्याचं हत्यार अस्वच्छ असलं की बाळाला धनुर्वात व्हायचा. तो बहुधा पहिल्या-दुसऱ्या आठवड्यातच गाठायचा आणि त्याची पहिली खूण म्हणजे बाळ दूध ओढेनासं होई. त्या बायका सटवाईची वाट पाहत होत्या की मूल पितंय ना हे पाहत होत्या? बहुधा त्यांना हे दोन वेगळे प्रश्न वाटलेच नसतील.

इथे त्याच दिवसांत बाळाच्या टाचेला सुई टोचतात. जन्मानंतर 72 तास उलटले की पुढे, आठवडा संपायच्या आत. रक्ताचे थेंब जाड कागदावर टिपून प्रयोगशाळेत पाठवतात. 1974 मध्ये फेनिलकीटोन्युरिया या एकाच आजारासाठी नेदरलँड्सभर ही तपासणी सुरू झाली. आता वीसहून अधिक जन्मजात आजार त्या थेंबांत शोधतात. सुईण हे समजावत होती आणि माझ्या डोळ्यांपुढे आमचा कोरा कागद होता. आधीच लिहून झालेलं इथे वाचून घेतात, आणि वेळेत वाचलं तर आहार बदलून, औषध देऊन त्या मुलाचं पुढचं आयुष्यच बदलतं. म्हणजे लिहिलेलं खोडता येतं. आजी असती तर म्हणाली असती, वाचणारी माणसं भेटणंही लिहिलेलंच असतं. यावर माझ्याकडे उत्तर नाही.

पण झोप उडते ती वेगळ्याच गोष्टीने. जन्माची नोंद नगरपालिकेत तीन दिवसांत करायची, आणि नोंदवायचं तर नाव हवं. आपलं बारसं बाराव्या दिवशी. म्हणजे सटवाई येते तेव्हा मूल बिननावाचं असतं. हा क्रम मला आता फार शहाणा वाटतो. आईबापांच्या इच्छा नावातून चिकटायच्या आत तिला पाटी कोरी मिळते. इथे ती येईल तेव्हा बाळाला नाव असेल, आडनाव असेल, जन्मगावही असेल. त्या गावात जन्मून ते डच मात्र नसेल, कारण आम्ही दोघंही भारतीय. वर्षभरात वकिलातीत नोंद केली की ते भारताचं नागरिक. तो देश त्याने अजून पाहिलेलाही नसेल. परदेशात बिऱ्हाड करायचं हे आम्ही ठरवलं, आम्हाला मागे सोडलेलं घर आहे. बाळाने कुठलंच घर सोडलेलं नाही. मग त्याला बिऱ्हाडकरू म्हणायचं ते कशाच्या जोरावर? आजीचं वाक्य त्याला लागू होतं की माझ्यापाशीच संपतं?

आई येणार आहे, तीन महिन्यांच्या व्हिसावर. "पाटा-वरवंटा मिळेल का गं तिकडे?" तिने विचारलं. दगडी खलबत्ता आहे म्हटल्यावर "चालेल" म्हणाली, ते अगदी खात्रीने. नाव आधी ठेवलं तर चालेल का, यावर मात्र अडली. "थांब, मावशीला विचारते." मावशीचा निरोप आला, कागदावरचं वेगळं ठेवा, पाळण्यातलं वेगळं ठेवा. अनेक घरांत तशी रीत आहेच. नवरा म्हणतो, मग हाक कुठल्या नावाने मारायची?

दोन्ही नावं एकच असावीत असं मला वाटतं. आणि पाचव्या रात्री सटवाईला ते कळू नये, असंही वाटतं.