मोडीत निघालेला कॉम्प्युटर

आमचा कॉम्प्युटर २०१४ सालचा. माझ्या तासिकांच्या मानधनातून घेतलेला, म्हणून माझा त्याच्यावर अंमळ जास्त जीव! माझ्या प्रश्नपत्रिका, मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज, सासूबाईंची भजनं, सगळं त्याच्यावरच.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० च्या नेहमीच्या मोफत सुरक्षा-दुरुस्त्या थांबल्या. नव्या अकराला टीपीएम २.० आणि नव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आमच्याकडे दोन्ही नाही. "मोडीत काढ नि नवा घे," हे म्हणाले. म्हणायला काय जातं? सोयाबीन पावसात गेलेलं, दिवाळी तोंडावर!

दुसरबीडहून मेहकरला गेले, तेव्हा एका दुरुस्तीवाल्याला विचारलं. तो म्हणाला, "पाचशे द्या ताई, युक्तीनं अकरा टाकून देतो. लायसन-बियसन काही लागत नाही." तेव्हा कुठं डोक्यात प्रकाश पडला, की आधीचीही अशीच असणार! पावती तरी कुठं होती? वर्गात मुलांना नागरिकशास्त्र शिकवायचं आणि घरात हे! मनाला लागलं ते लागलंच.

दिवाळीत बहिणीचा मुलगा आला, इंजिनिअरिंगला आहे. "मावशी, लिनक्स टाकून बघ ना. फुकट आहे, आणि चोरीचंही नाही."

फुकटचं टिकतं का रे, हा माझा पहिला प्रश्न. तो म्हणाला, १९९१ मध्ये लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडच्या विद्यार्थ्यानं याचा गाभा लिहिला नि सर्वांसाठी खुला केला. आपल्या साप्ताहिकात पाककृती येते, आपण तिखट कमी-जास्त करून शेजारणीला सांगतो, तसंच हे. केरळच्या सरकारी शाळांत तर कितीतरी वर्षं मुलं यावरच शिकतात. हे ऐकून माझ्यातल्या मास्तरणीला धीर आला.

त्यानं लिनक्स मिंट पेन ड्राइव्हवर आणली. गंमत म्हणजे, आतलं काही न पुसता ती नुसती चालवून पाहता येते. दोन दिवस मी तशीच वापरली. मग फोटो, कागदपत्रं दुसऱ्या डिस्कवर उतरवली (मैत्रिणींनो, हे मात्र विसरू नका!) आणि म्हटलं, टाक बाबा.

यंत्र पहिल्यापेक्षा चपळ झालं, पण माझ्या प्रश्नपत्रिका उघडल्या आणि पोटात गोळाच आला. 'परीक्षा'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी! दोष लिनक्सचा नव्हता. जुना मराठी फॉन्ट आत इंग्रजी अक्षरंच साठवायचा, वरून मराठी रूप द्यायचा. फॉन्ट गेला, सोंग उतरलं. तो फॉन्ट पुन्हा घालता आला असता, पण किती दिवस? इनस्क्रिप्ट कळफलक शिकले. स्वर डावीकडे, व्यंजनं उजवीकडे. आठ दिवसांत बोटं वळली. अकरा प्रश्नपत्रिका युनिकोडमध्ये नव्यानं टंकल्या. रात्री भांडी आवरून बसायची. आता त्या कुणाच्याही फोनवर उघडतात.

यांची कुरकूर थोडी आहेच. हिशेबाचा त्यांचा प्रोग्रॅम इथं चालत नाही, ते काम ते ऑफिसात उरकून येतात. परवा मात्र शेजारी सांगत होते, "आमच्या हिनं बसवलंय, विचारा तिला."

प्रिंटर तेवढा अजून बोलत नाही. भाच्यानं दोन संध्याकाळी घालवल्या, मग हात टेकले. कागद छापायला मी दुकानात जाते. प्रिंटरवर सध्या क्रोशाचा रुमाल आणि फुलदाणी आहे.