बापाचे मत

निवडणुकीच्या जाहीरनाम्यात शेतकरी असतो, महिला असतात, बेकार तरुण असतो. ‘बाप’ म्हणून मात्र कोणी नसतो. मग बाप मत द्यायचे ते कशावर ठरवतो?

२०२४ ची विधानसभा निवडणूक घ्या. लाडकी बहीण योजनेचे दरमहा १,५०० रुपये सुरू झाले होते. महायुतीने २,१०० चे वचन दिले, महाविकास आघाडीने ३,००० चे. सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये. बाजारात त्याहूनही कमी मिळत होते. एकीकडून ६,००० चे आश्वासन आले, दुसरीकडून ७,००० चे. कर्जमाफी तर दोघांच्याही तोंडी!

आमचे आबा या कलमांकडे बाप म्हणून पाहत होते. त्याच वर्षी सरकारने पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ केली. ताईसाठी सावकाराचे दार टळले. आईच्या खात्यातल्या पैशांतून माझा एस.टी.चा पास निघाला. पण सोयाबीन तोट्यात गेले. आबा म्हणाले, “हातचं सोडून पळत्याच्या मागं लागू नये खरं, पण हातचं तरी पुरतं का?”

मला वाटते, बाप स्वतःचे हित लेकीच्या नि बायकोच्या कलमांतच शोधतो. ओझे कोणाच्या नावाने उतरले, याचे त्याला वैषम्य नसते. मात्र घामाला भाव नाही आणि घरात मदत आहे, अशा वेळी कर्त्या माणसाची मान खाली जाते.

मित्रहो, मत मागायला येईल त्याला आपण एवढे तरी विचारू या : भावाचे कलम कितव्या पानावर आहे, आणि मागच्या खेपेच्या कलमाचे काय झाले?