सरासरीचें पाणी

आंकड्यांवर आमची लहानपणापासूनच श्रद्धा. शब्द फिरवितां येतात, आंकडा फिरत नाहीं, असें आम्हांस वाटे. आणि लहानमोठ्या सर्वांना एका पंक्तीस बसविणारी सरासरी ही तर गणितांतील सर्वांत सात्त्विक क्रिया वाटत असे. ही श्रद्धा ज्या दिवशीं डळमळली, त्या दिवसाची हकीकत सांगावयाची आहे.

एका दुष्काळी उन्हाळ्यांत तालुक्याच्या एका कचेरींत टँकरच्या पाण्याचे तक्ते करण्याचें काम आमच्याकडे होतें. एका गांवच्या पांच वाड्या होत्या, आणि घरें सर्वांत जवळजवळ सारखींच. आंकडे थोडे सरळ करून सांगतों: दर घरास रोज मिळणारे हंडे अनुक्रमें ९, ८, ६, २ आणि ०. बेरीज २५, सरासरी ५. पांच हंड्यांत चैन होत नाहीं, पण निभाव लागतो. आम्हीं तक्त्याखालीं सुवाच्य अक्षरांत ‘पुरवठा पुरेसा’ असा शेरा मारिला, आणि वाढीव फेरीची मागणी नामंजूर झाली.

आठवड्यानें शेवटच्या वाडीची एक म्हातारी रिकामी घागर घेऊन कचेरीच्या पायरीवर येऊन बसली. आम्हीं तिला मोठ्या धीरानें तक्ता समजावून दिला. तिनें सारें ऐकून घेतलें आणि विचारिलें, “सायेब, माज्या वाट्याचं पाच हंडं कुनाच्या घरी ठेवल्यात, तेवढं सांगा. म्या जाऊन घिऊन येते.” यावर आम्हांस उत्तर सुचलें नाहीं, अजूनहि सुचलेलें नाहीं.

सरासरी खोटें बोलली नव्हती. एकूण पाणी किती, याचें तिनें दिलेलें उत्तर बिनचूक होतें. तेंच उत्तर ‘कोणाला किती’ या निराळ्या प्रश्नाखालीं आम्हीं लिहिलें, हा अपराध आमचा. कोणी जाणता म्हणेल, सरासरीऐवजीं मध्यक घ्यावयाचा होता. आंकडे क्रमानें मांडले असतां बरोबर मधला येतो तो मध्यक. एखाद्या धनिकामुळें गांवाची सरासरी मिळकत फुगते, तेथें तो खरोखर उपयोगी पडतो. पण आमच्या तक्त्यांतला मध्यक होता ६! त्याच्या हिशेबीं म्हातारीची स्थिति अधिकच सुखाची ठरली असती. येथें पाहावयाचें होतें तें शेवटचें शून्य.

हा घोटाळा एका गांवापुरता नाहीं. २६ जुलै २००५ रोजीं मुंबईंत सांताक्रूझ येथें दिवसभरांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि त्याच शहरांत कुलाब्यास अवघा सुमारें ७३. दोहोंची सरासरी ५०९ च्या जवळपास येते. तेवढा पाऊस त्या दोहोंपैकीं एकाहि ठिकाणीं पडला नव्हता. सातारा जिल्ह्याच्या पश्चिमेस महाबळेश्वरीं वर्षाकांठीं ५,००० मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. पूर्वेस माण तालुक्यांत तो ५०० च्या आसपास. जिल्ह्याच्या सरासरीवर दुष्काळ ठरवूं गेल्यास महाबळेश्वरची सर माणच्या विहिरींत पडल्याचें कागदोपत्रीं सिद्ध होईल. महसूल मंडळागणिक पर्जन्यमापकें बसविण्याचें मर्म हेंच.

म्हणून सरासरी टाकून द्यावी, असें आमचें म्हणणें नाहीं. तालुक्यास टँकर किती लागतील, हा अंदाज तिच्यावांचून बांधतां येणार नाहीं. पण पहिला टँकर कोणत्या वाडीस धाडावा, हें तिला विचारूं नये. तें विचारावयाचें तर तक्त्यांतली प्रत्येक ओळ वाचली पाहिजे, आणि त्या ओळीमागें किती चुली आहेत हेंहि पाहिलें पाहिजे.

त्याच दिवशीं आम्हीं शेरा खोडला आणि वरिष्ठांपुढें चूक कबूल करून फेरी मंजूर करून घेतली. शेरा खोडतां आला. मधले आठ दिवस खोडतां आले नाहींत. तेव्हांपासून कोणताहि तक्ता हातीं आला, कीं आम्ही तो खालच्या ओळीपासून वर वाचीत जातों.